पाहुण्याचं वजन

"ताई, मला एक माणूस शिवून द्या."

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा एका सोमवारी दुपारी दुकानात येऊन हे म्हणाला, आणि माझ्या हातातला दाभण हातातच राहिला. अठ्ठावीस वर्षं मी ताडपत्र्या शिवते आहे. ट्रकची छतं शिवली, होड्यांची आच्छादनं शिवली, एकदा एका म्हाताऱ्या घोड्याला अंगरखाही शिवून दिला. माणूस मात्र आजवर कुणी मागितला नव्हता.

"शिवायचा कशाला, जावईबापू? तयारच घेऊन जा. माझा नवरा घरी लोळत पडलेला असतो."

एरवी तो खो खो हसला असता. त्या दिवशी हसला नाही. स्टुलावर बसला आणि गुडघे हलवत राहिला. त्यात नवल नव्हतं, कारण त्याचे पाय कधीच थांबत नसत. जेवताना हलत, सिनेमा बघताना हलत. माझी बहीण म्हणायची, की रात्री याला घातलेलं पांघरूण सकाळी दुसऱ्या खोलीत सापडतं. अग्निशमन दलात त्याला सगळे भिंगरी म्हणत. एकसष्ट किलो वजन, अंगावर चिमटीत धरावं एवढंही मांस नाही, आणि दम असा की वीस किलोमीटर पळून आला की दारातच गप्पा सुरू. माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. नात्याने जावई, म्हणून मी अहो-जाहो करायची. रागावले की सरळ 'तू'वर यायची, आणि मी रागावते बऱ्याचदा.

"सरावाला हवाय," तो म्हणाला. "केंद्रात आहे तसा. पण अठ्ठ्याहत्तर किलोचा."

"केंद्रातला तर पासष्टचा आहे."

"मला अठ्ठ्याहत्तरचाच हवा. आणि मान सैल ठेवा, ताई. शुद्ध हरपलेला माणूस मान धरत नाही."

कशासाठी हे मला विचारावं लागलं नाही. दरवर्षी त्यांची परीक्षा असते. पूर्ण पोशाखात तीन किलोमीटर पळायचं, मग सरावाच्या मनोऱ्यावर चौथ्या मजल्यावर चढायचं आणि तिथला पासष्ट किलोचा कॅनव्हासचा माणूस तीन मिनिटांत खाली आणायचा. पळण्यात भिंगरीच्या जवळपास कुणी फिरकत नसे. पण माणूस उचलायची वेळ आली की त्याचे खांदे दगा देत. पूर्वी पळण्याच्या गुणांवर निभावून जायचं. आता नियम बदलला होता, दोन्हीत वेगवेगळं पास व्हावं लागे. तो दोनदा नापास झाला होता. तिसऱ्यांदा झाला असता तर बंबावरून काढून त्याला फोनवर बसवणार होते, आणि परीक्षेला चार महिने उरले होते. माझी बहीण म्हणे, "बसू दे की फोनवर, फोनला आग लागत नाही." पण तिलाही ठाऊक होतं, हा माणूस खुर्चीत बसवला तर महिन्याभरात संपेल.

आणि नियम ज्याच्यामुळे बदलला, ते प्रकरणही घरात सगळ्यांना ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना पेटला होता. चौथ्या मजल्यावर रखवालदार अडकलेला. बाकीचे जिन्यात धापा टाकत होते तेव्हा भिंगरी वर पोचला होता. त्याने त्या माणसाला दुसऱ्या मजल्यापर्यंत आणला आणि मदतीसाठी खाली आला. चौघं वर गेले तोवर रखवालदार संपलेला होता. "पोचायला मी पहिला, आणायला अपुरा," एवढंच भिंगरी एकदा जेवताना बोलला. त्यानंतर त्याने तो विषय काढला नाही आणि आम्हीही काढला नाही.

मी माणूस शिवला. दुहेरी कॅनव्हास घेतला, पायात आणि धडात वाळूच्या पिशव्या भरल्या, पोटात चिंध्या. कोपरं, गुडघे आणि मान यांना शिवण सैल ठेवली. शेवटचा टाका डाव्या बगलेत घेतला आणि माझी गाठ मारली. तीन वेढे देऊन उलटी ओढायची, ही गाठ मला वडिलांनी शिकवली. दुसऱ्या कुणाला ती मारताना मी अजून पाहिलेलं नाही. तोंड काढलं नाही. नुसता गोल चेहरा ठेवला, कोरा.

माझं दुकान चार मजली इमारतीत तळाला आहे आणि गोदाम सगळ्यात वर. पहिल्या मजल्यावर दुपारी बंद होणारी विम्याची कचेरी, तिसऱ्यावर नाचाचा क्लास, आणि दुसरा मजला कित्येक वर्षं कुलूप लावून पडलेला. जिन्याच्या मधल्या पोकळीत कप्पी बसवली आहे, तिच्यावरून ताडपत्रीची गुंडाळी वर ओढतात. दुपारी एक ते चार इमारतीत माझ्याशिवाय कुणी नसतं. त्या वेळी तिथे इतकं शांत असतं, की मी खाली दोरा तोडला तर त्याचा आवाज मलाच मोठा वाटतो.

माणूस कप्पीने वर चढवला आणि गोदामातल्या वजनकाट्यावर बसवला. बरोबर अठ्ठ्याहत्तर. मग भिंगरीला उभा केला. एकसष्ट. मी खडूने गोदामाच्या दारामागे दोन्ही आकडे लिहिले आणि सवयीने खाली बेरीज मांडली, एकशे एकोणचाळीस. माणसाला आम्ही मोडक्या खुर्चीत बसवलं. मान छातीवर पडलेली, हात मांडीवर. सोयरिकीला येऊन अवघडून बसल्यासारखा दिसत होता, म्हणून मी त्याचं नाव पाहुणा ठेवलं.

सराव कसा करायचा हे केंद्रातल्या उस्तादांनी कागदावर लिहून दिलं होतं. इंग्रजीत त्याला लांबलचक नाव आहे, जवान नुसतं इंटरव्हल म्हणतात आणि उस्ताद म्हणतात झटका-विसावा. तीस सेकंद जीव खाऊन पळायचं, नव्वद सेकंद विसावा घ्यायचा. असं आठ वेळा. भिंगरीने सुरुवातीची जागा दुसरा मजला ठरवली. वीस किलोची पिशवी पाठीला बांधून दुसऱ्यावरून चौथ्यापर्यंत झटका, मग चालत परत दुसऱ्यावर येऊन बसायचं. आठ फेऱ्या झाल्या की पाहुण्याला चौथ्यावरून दुसऱ्यापर्यंत आणायचा. पुढे नाही. तिथून पाहुणा पुन्हा कप्पीने वर.

"तळापर्यंत का नाही?" मी विचारलं.

"इथपर्यंतच," तो म्हणाला.

पहिले काही दिवस सगळं नीट चाललं. मी खाली शिवत बसायची आणि वरून पावलं ऐकू यायची. चढताना धडधड, मग शांतता, मग उतरताना सावकाश. भिंगरीचे बूट रबरी तळाचे, त्यांचा आवाज मी ओळखते.

दुसऱ्या आठवड्यात एका दुपारी तो उतरत होता आणि मला दोन माणसं उतरताना ऐकू आली.

एक रबरी तळ. त्याच्यामागे एक पायरी सोडून दुसरं पाऊल, जड, चामडी तळाचं, जरा घासत येणारं. मी दाभण खाली ठेवला. भिंगरी थांबला तसे रबरी तळ थांबले. दुसरी पावलं आणखी दोन पायऱ्या उतरली आणि मग थांबली.

"कोण आहे हो बरोबर?" मी पोकळीतून ओरडले.

"कोणी नाही, ताई."

त्याचा आवाज असा होता की मी वर गेले नाही. मी काही भुताखेतांना मानणारी बाई नाही. माझा विश्वास दोऱ्यावर. पण खरं सांगते, त्या दुपारी मी दुकानाचं मधलं दार लावून घेतलं आणि चार वाजता नाचाच्या मुली येईपर्यंत रेडिओ मोठ्याने चालू ठेवला.

महिना झाला. भिंगरी आठवड्यातून दोनदा यायचा तो रोज यायला लागला होता, आणि आठाच्या जागी बारा फेऱ्या मारत होता. विसावा तर उरलाच नव्हता. खाली आला की भिंतीला हात लावून पुन्हा वर. पळणाऱ्या माणसांची ही खोडच असते. बसून राहणं म्हणजे त्यांना चोरी केल्यासारखं वाटतं. त्याच्या गालांची हाडं वर आली. पट्ट्याला मी दोन नवी भोकं पाडून दिली. आणि पाहुणा पूर्वी दुसऱ्या मजल्यापर्यंत तरी येत होता, तो आता तिसऱ्यावरच खाली पडायला लागला.

"जड झालाय," भिंगरी म्हणाला.

"वाळू कुठे वाढते का? तुम्हीच खंगलात."

"काट्यावर ठेवून बघा."

ठेवला. एक्क्याऐंशी.

मी म्हटलं, घाम मुरला असेल, वाळू ओल धरते. पण कॅनव्हास कोरडा ठणठणीत होता. डावी बगल पाहिली. माझी गाठ जशीच्या तशी, तीन वेढे, उलटी ओढलेली. कुणी उसवून काही भरलेलं नव्हतं. मग काटा बिघडला असेल म्हणून वीस किलोची पिशवी ठेवून पाहिली. काट्याने वीसच दाखवले.

"तुम्ही उभे राहा बघू."

तो उभा राहिला. अठ्ठावन्न.

खडू हातात घेतला आणि बेरीज करायच्या आधीच मला ती कळली. एकशे एकोणचाळीस. याच्या अंगावरून तीन किलो गेले होते आणि त्याच्या अंगावर तीन किलो चढले होते. मी पाहुण्याकडे पाहिलं. आम्ही त्याला खुर्चीत बसवला तेव्हा त्याची मान छातीवर होती. आता ती भिंगरीच्या बाजूला कलली होती. मान मीच सैल ठेवली होती, ती कुठेही कलेल, हे मला कळत होतं. तरी मी ती दोन्ही हातांनी पुन्हा छातीवर आणून ठेवली.

दुसऱ्याच दिवशी मी उस्तादांना गाठलं. हा माणूस पंचवीस वर्षं जवानांना घडवतो आहे. पोट सुटलेलं, आवाज मात्र अजून मैदानभर पोचणारा. बेरजेचं मी सांगितलं नाही, सांगितलं असतं तर त्यांनी मलाच पाणी पाजून बसवलं असतं. मी एवढंच विचारलं, की पळणाऱ्या माणसाला दमही हवा आणि ताकदही हवी, तर हा झटका-विसावा त्याला मानवतो की नाही?

"मिठासारखं आहे बाई ते," उस्ताद म्हणाले. "आठवड्यातून दोनदा करा, दम वाढतो, मांड्या घट्ट होतात, पळणारा आणखी पळतो. पण नुसतं मीठ खाऊन कुणाचं पोट भरलंय? खांदे-पाठ हवी असेल तर जड वजन उचलायचं. सावकाश, पाच-पाच वेळा, मध्ये भरपूर थांबून. पोटभर जेवायचं. झोपायचं. उरलेले दिवस गप्पा मारता येतील एवढ्याच वेगाने पळायचं. मी कागदावर सगळं लिहून दिलंय त्याला."

"तो रोज करतो. बारा-बारा वेळा. विसावा घेतच नाही."

उस्ताद माझ्याकडे बघत राहिले. "अहो, मग तो सराव कसला? ताकद काय पळताना वाढते? पळताना शरीर मोडतं, विसाव्यात बांधलं जातं. जो थांबत नाही त्याचं शरीर त्यालाच खातं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "बाई, परीक्षा जाऊ दे. असंच चाललं तर तो जिन्यातच पडेल एक दिवस. थांबवा त्याला."

मी तिथून निघाले ती तडक दुकानात. दुपारचे दोन वाजले होते. वर धडधड चालूच होती. माझे गुडघे जिन्याच्या कामाचे राहिलेले नाहीत, पण त्या दिवशी दुसऱ्या मजल्यापर्यंत चढले. भिंगरी कुलूप लावलेल्या दारापाशी भिंतीला हात टेकून उभा होता. पायाशी पाहुणा आडवा, मान एका बाजूला. त्या दिवशी आधी पाहुण्यालाच, फरफटत का होईना, इथवर आणलं असावं. मला बघून तो पुन्हा वर निघाला, तसा मी त्याचा पट्टा धरला.

"बस."

"ताई, अजून चार फेऱ्या..."

"बस म्हणते ना! बायको आहे तुला. तुझं हे वाळकं सरपण झालेलं तिने रोज बघायचं का? विसावा का घेत नाहीस?"

तो बसला नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही. पाहुण्याकडे बघत म्हणाला, "तीस सेकंद मला काही होत नाही, ताई. नव्वद सेकंदांत होतं."

"काय होतं?"

"ते बोलतात."

खालून, वरून, कुठूनही काही आवाज नव्हता. त्याचे पाय मात्र उभ्या उभ्या हलत होते.

"त्यांना दुसऱ्या मजल्यापर्यंत आणलं," तो म्हणाला. "हात सुटायला लागले म्हणून खाली ठेवलं. वाटलं, दम खाऊ आणि उचलू. दम खाल्ला. तेवढ्यात त्यांनी डोळे उघडले. माझी बाही धरली आणि म्हणाले, 'जाऊ नकोस.' मी म्हटलं, 'काका, मदत घेऊन येतो.' बाही सोडवली. आणि पळालो. पळायला मला येतंच की."

मी पाहुण्याकडे पाहत विचारलं, "अठ्ठ्याहत्तर?"

"हॉस्पिटलच्या कागदावर होतं."

मला त्याची दया आली आणि त्याहून जास्त राग आला. महिनाभर हा इथे रोज येऊन त्याच जागी त्या माणसाला ठेवत होता आणि रोज त्याला सोडून पळत होता. दिवसाला बारा वेळा.

"काय म्हणाले ते तुला? जाऊ नकोस म्हणाले ना? मग बस की! महिनाभर दुसरं काय करतोयस तू?"

मी खाली बसले आणि त्याला हाताला धरून पाहुण्याच्या शेजारी बसवला. मनगटावरचं घड्याळ समोर धरलं. "नव्वद सेकंद. हलायचं नाही."

पहिले वीस सेकंद आम्हा दोघांचे श्वासच ऐकू येत होते. माझा मोठा, कारण मी जाडी आणि दोन मजले चढलेली. त्याचा जलद, उथळ. मग माझा जरा बसला. आणि तेव्हा मला तिसरा ऐकू आला.

तो खालून येत होता, जमिनीलगत. लांब, अडखळत, आत घरघर असलेला, धूर प्यायलेल्या माणसाचा. मी भिंगरीकडे पाहिलं. त्याचे डोळे मिटलेले होते आणि गालांवरून पाणी वाहत होतं. त्यालाही ऐकू येत होतं. महिनाभर तो हेच ऐकत होता. मी घड्याळावरून नजर काढली नाही. काढली असती तर मी जिन्यावरून गडगडत खाली गेले असते. चाळीस. पन्नास. भिंगरीने हात पुढे केला आणि पाहुण्याच्या छातीवर ठेवला. "इथेच आहे, काका," तो म्हणाला. साठ. वाळू खचते, कॅनव्हास ताणला की सैलावतो, हे मला कुणी शिकवायला नको. पण छातीवरची माझी टाक्यांची ओळ त्याच्या हाताखाली वर आली आणि सावकाश खाली गेली. सत्तर. घरघर कमी झाली. ऐंशी. तिन्ही श्वास एका लयीत आले. नव्वदला मला दोनच ऐकू येत होते.

"झाले नव्वद," मी म्हटलं.

भिंगरी भिंतीला डोकं टेकून झोपला होता. चार वाजता नाचाच्या मुली आल्या आणि त्याच्या पायांवरून उड्या मारत वर गेल्या, तरी उठला नाही. मी तिथेच बसून होते. एकटीने उठून खाली जायची माझी छातीच झाली नाही.

त्यानंतर मी कागद माझ्याकडे घेतला. झटका-विसावा आठवड्यातून दोनदाच, आठच फेऱ्या, आणि विसाव्याचं घड्याळ माझ्या हातात. दोन दिवस गोदामातल्या ताडपत्रीच्या गुंडाळ्या उचलायच्या, पाच वेळा उचलून ठेवायच्या आणि मग बसायचं. उरलेल्या दिवसांत हळू पळणं, आणि एक दिवस काहीच नाही. त्या दिवशी बहीण त्याला जेवायला घालून खोलीला बाहेरून कडी लावायची. पाहुण्याला आता फेऱ्यांच्या आधीच खाली आणायचा, आणि प्रत्येक विसाव्याला तो दुसऱ्या मजल्यावर पाहुण्याशेजारी बसायचा आणि छातीवर हात ठेवायचा. पहिल्या दिवसांत थरथरायचा. मग थरथर थांबली.

दर सोमवारी मी दोघांना काट्यावर घ्यायची. भिंगरी साठ, पाहुणा एकोणऐंशी. भिंगरी एकसष्ट, पाहुणा अठ्ठ्याहत्तर. इथे थांबेल असं मला वाटलं होतं. थांबलं नाही. भिंगरी त्रेसष्ट, पाहुणा शहात्तर. बेरीज कधी हलली नाही. भिंगरीच्या खांद्यांना गोलाई आली, मान भरली, आणि तिकडे पाहुण्याचा कॅनव्हास छातीवर सैल पडायला लागला. मला ते बघवेना. याला मिळतंय ते कुणाचं तरी घेऊन मिळतंय, असं वाटायचं. परीक्षेच्या आदल्या सोमवारी भिंगरी चौसष्ट भरला आणि पाहुणा पंचाहत्तर.

आता तो पाहुण्याला दुसऱ्या मजल्यापर्यंत एका दमात आणत होता. पुढेही सहज नेला असता.

"आज तळापर्यंत आणा," मी म्हटलं.

"परीक्षेत," तो म्हणाला.

परीक्षा सुट्टीच्या दिवशी सकाळी होती. सुट्टीला इमारतीच्या मुख्य दाराची किल्ली माझ्याकडे असते. आदल्या दिवशी पाहुण्याला खुर्चीत बसवून गोदामाला कुलूप मीच घातलं होतं, आणि मुख्य दारालाही मीच. दोन्ही किल्ल्या माझ्या कमरेला होत्या.

मी आणि बहीण मैदानाच्या कडेला उभ्या राहिलो. पळण्यात तो पहिला आला, त्याचं कुणाला नवल नव्हतं. मनोऱ्याच्या चौथ्या मजल्यावर त्याने पासष्ट किलोचा माणूस खांद्यावर घेतला, तेव्हा उस्तादांनी घड्याळ दाबलं. मनोऱ्याला एका बाजूने भिंत नाही, सगळं दिसतं. तिसरा मजला झपाट्याने उतरला. दुसऱ्यावर आला आणि थांबला. माणसाला खांद्यावरून उतरवलं, डोक्याखाली हात देऊन खाली ठेवलं, आणि शेजारी बसला.

"थांबू नकोस!" उस्ताद ओरडले. "वेळ जातोय!"

बहिणीने माझा दंड इतका जोरात धरला की पुढे चार दिवस वळ होता. "काय करतोय हा, ताई?"

"विसावा घेतोय," मी म्हटलं. माझं लक्ष मनगटावर होतं. खाली जवान ओरडत होते, शिट्ट्या मारत होते. भिंगरी त्या कॅनव्हासच्या छातीवर हात ठेवून शांत बसून होता. नियमात अर्ध्या मिनिटाचा एक थांबा बसतो, पण तो आजवर कुणी घेतलेला नव्हता. तिसाव्या सेकंदाला तो उठला, खांदा खाली घातला आणि उचलला. एकदाच, न डगमगता. तळाला पोचला तेव्हा नऊ सेकंद शिल्लक होते. बहीण रडायला लागली, आणि मीही.

ती घरी गेली, आणि भिंगरी माझ्याबरोबर निघाला. "पाहुण्याला सांगू या," तोच म्हणाला. दुपारचा एक वाजत आला होता. मी मुख्य दाराचं कुलूप काढलं, दार ढकललं, आणि ते अर्ध्यावर अडलं. आत काहीतरी आडवं पडलं होतं.

जिन्याच्या तळाशी, दाराला लागून, पाहुणा होता. पडलेला नव्हता, ठेवलेला होता. पाय सरळ, हात अंगालगत, मान हळूच एका कुशीला वळवलेली. धुरातून बाहेर काढलेल्या माणसाला निजवतात तशी.

मी उंबऱ्याबाहेरच थांबले. भिंगरी मात्र दचकला नाही. तो गुडघ्यांवर बसला, त्याने पाहुण्याच्या कपाळावरून हात फिरवला आणि म्हणाला, "आलात का, काका?"

मी चार मजले चढून गेले. गोदामाचं कुलूप जागच्या जागी होतं. उघडलं. खुर्ची रिकामी. मी पोकळीतून दोर खाली सोडला, भिंगरीने पाहुण्याला बांधला, आणि आम्ही त्याला वर ओढून काट्यावर बसवला. वजन करू नये असं मला वाटत होतं, पण न करता मला घास गिळवला नसता. डाव्या बगलेत माझी गाठ शाबूत होती. काटा हलला आणि अठ्ठ्याहत्तरवर थांबला.

"आता तुम्ही," मी म्हटलं.

भिंगरी चढला. चौसष्ट.

मी दारामागे दोन्ही आकडे लिहिले आणि बेरीज दोनदा केली. एकशे बेचाळीस. पाहुण्याचं होतं ते पाहुण्याकडे परत गेलं होतं, आणि याचं याच्याकडे राहिलं होतं.

भिंगरी काट्यावरून उतरला आणि पाहुण्याच्या शेजारी भिंतीला टेकून बसला. बराच वेळ बसला. मी खडू ठेवला आणि त्याच्याकडे पाहिलं. त्याचे पाय हलत नव्हते.